प्लास्टिकवरचा चाफा

नात नेलपॉलिश लावायला बसली, की मी उठून अंगणात जाते बघा. व्हिडिओ कॅसेटा नव्या होत्या तेव्हा आमचे हे वसईत लग्नांचं शूटिंग करायचे. मी टीव्हीवर चित्र थांबवायची, काचेवर पारदर्शक प्लास्टिक लावायची आणि त्यावर फुलं रंगवायची. साधा रंग टिकेना, म्हणून नेलपॉलिशने. दर प्लास्टिकवर फूल जरा खाली काढायचं. मग हे एकेक प्लास्टिक टीव्हीवर लावून कॅमेऱ्याने टिपत आणि फुलं पडताना दिसत. एकदा एक बाई लेकीच्या लग्नाची कॅसेट घेऊन आली. लेक बाळंतपणात गेलेली. "बाय, चर्चमध्ये तोंडावरची जाळी वर करून ती हसते ना, तिथं आमच्या वाडीतला चाफा पाड तिच्यावर." चार दिवस मी तेच हसू थांबवून, चेहरा मोकळा सोडून भोवती चाफा रंगवत बसले. पाचव्या दिवशी ह्यांनी कॅमेरा लावला, तर तिथं नुसत्या पांढऱ्या रेघा. एकाच जागी थांबवून थांबवून फीत झिजली होती, आणि दुसरी कॅसेट नव्हती. मी रडतच सांगितलं. बाई ओरडली नाही. तिने एक प्लास्टिक उजेडात धरलं, चाफ्यांमधल्या मोकळ्या जागेवर बोट फिरवलं. "हनुवटी इथंच होती ना गं?" मी हो म्हटलं. आज सांगते, मला नीट आठवत नव्हतं.