भिंतीकडे तोंड केलेली खुर्ची

प्रातिनिधिक कुटुंब, शहरी विभाग. कुटुंबप्रमुख : पुरुष, वय उताराकडे झुकलेले. व्यवसाय : घरोघरी जाऊन गॅसच्या शेगड्यांची दुरुस्ती. उत्पन्न अनियमित, मते सौम्य. गृहिणी : मितभाषी, खरेदीचा निर्णय तिचाच, परंतु तो पतीचा आहे असे भासविण्यात निष्णात. परदेशी मालाविषयी पूर्वग्रह आढळला नाही. उत्सुकताही आढळली नाही. सदर कुटुंब संपूर्ण बाजारपेठेचे विश्वासार्ह प्रतिनिधित्व करते.

हे वर्णन ज्याचं आहे त्याला सगळे शेगडीवाला म्हणत. त्यानं ते कधी वाचलं नाही. ते लिहिलं गेलं होतं समुद्रापलीकडच्या एका कंपनीसाठी. कंपनी घरगुती सामान बनवायची, आणि या मुलखात पैसा ओतावा की नाही याचा तिचा विचार चालला होता. थेट परकीय गुंतवणूक ही मोठी गोष्ट. तिच्या स्वागताला मंत्री विमानतळावर जातात. पण तिची सुरुवात बहुधा अशीच होते : कुणीतरी कुणाच्या तरी स्वयंपाकघरात अंग चोरून उभं राहतं.

इथे दोघं उभे राहिले. एक कंपनीचा माणूस. तो उंच होता, ठेवला तिथे उभा राहायचा आणि भाषा येत नसल्यानं बोलायचा नाही, म्हणून शेगडीवाल्याच्या बायकोनं त्याचं नाव ‘खांब’ ठेवलं. दुसरी त्याची दुभाषी बाई, जी दोघांच्या वाटचं बोलायची. सगळ्या शहरातून हेच घर का निवडलं, याचं कारण अहवालात ‘शास्त्रशुद्ध नमुना’ असं दिलं आहे. झालं होतं असं, की दुभाषीबाईला प्रातिनिधिक कुटुंब शोधायला सांगणारा फोन आला, तेव्हा शेगडीवाला तिच्याच ओट्यापाशी बर्नर साफ करत बसला होता.

बरेच दिवस दोघं येत राहिले. मीठ कुठं ठेवतात, हात कुठं पुसतात, झाकणी हातातून पडली तर आधी कोण वाकतं, सगळं टिपलं. आणि कोपऱ्यातली खुर्ची टिपली.

खुर्ची साधी, लाकडी, अरुंद होती. तिचं तोंड भिंतीकडे होतं.

ती त्यांच्या मुलीची. मुलगी लहानपणी साखरेच्या डब्याभोवती सापडायची, म्हणून तिला मुंगी म्हणत. शाळेच्या शेवटच्या वर्षी मैत्रिणींबरोबर सहलीला जायचं होतं. आई नाही म्हणाली. मुंगी म्हणाली, “माझ्याशी बोलू नकोस.” तिनं खुर्ची उचलली, भिंतीकडे फिरवली आणि पाठ करून बसली. आई म्हणाली, “बस तशीच. मीही बघते किती वेळ बसतेस.” पहाटे ताप चढला. तिला दवाखान्यात नेलं, ती तिथून परत आली नाही.

खुर्ची कुणी हलवली नाही. आई तिच्याभोवतीनं झाडायची. त्या घरात एक नियमच होता, की रुसलेल्यानं स्वतःहून वळायचं, कुणी ओढून वळवायचं नाही. तेव्हा आई वाट बघत होती. आणि रोज संध्याकाळी शेगडी पेटली की कोपऱ्यातून करकर असा आवाज यायचा, कुणी हळूच टेकल्यासारखा. नवरा-बायको दोघंही तो ऐकायचे. बोलायचं कुणीच नाही. पण त्या आवाजावर बायकोचा दुसरा दिवस निघायचा.

खांबानं दुभाषीबाईमार्फत विचारलं, इथे कोण बसतं?

“कुणी नाही,” बायको म्हणाली.

“मग ठेवली कशाला?”

“असू द्या. घरात एक अशी लागते.”

दुभाषीबाईनं ते जसंच्या तसं सांगितलं. खांब इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसला, आणि बराच वेळ लिहीत राहिला.

पुढे शहराबाहेर कारखाना आला. फीत कापली गेली. बाजारात आलेली पहिली वस्तू म्हणजे एक अरुंद लाकडी खुर्ची. चौकाचौकात जाहिरात लागली : स्वच्छ स्वयंपाकघर, कोपऱ्यात भिंतीकडे तोंड केलेली खुर्ची आणि खाली एवढंच, ‘घरात एक अशी लागते.’ कंपनीच्या भाषेत याला स्थानिक भावनांशी सुसंगत धोरण म्हणतात. त्या खुर्चीवर कुणी बसायचंच नाही हे अभ्यासातून सिद्ध झालेलं असल्यानं पाय बारीक ठेवले होते, म्हणजे लाकडातही बचत. खुर्ची तुफान खपली. शेजारणीनं घेतली म्हणून शेजारणीनं घेतली. इतर मुलखांतही मोठमोठी धोरणं याच तत्त्वावर चालतात.

शेगडीवाल्याला ती पहिल्यांदा एका तळमजल्यावरच्या घरात दिसली. गुडघे दुखत होते, तो म्हणाला, “ताई, ती खुर्ची जरा ओढून बसू का?”

“अहो नको! तिच्यावर नाही बसत.”

“का?”

“का म्हणजे? नाही बसत.”

आतल्या खोलीतून सासूबाई म्हणाल्या, “आमच्यात पूर्वीपासून नाही बसत.”

“आई, आपण ती गेल्या वर्षी आणली.”

“मग? तेव्हापासून पूर्वीपासूनच की!”

शेगडीवाल्याला हसू आलं. त्यानं बर्नर बसवला, ज्योत बघायला काडी ओढली, आणि कोपऱ्यातून करकर ऐकू आली.

“करते कधीकधी,” सून म्हणाली. “लाकूड नवं आहे.” एवढं बोलून ती उगीचच आवाज खाली आणून पुढचं बोलू लागली.

हा आवाज तो ओळखत होता. त्या आठवड्यात त्यानं तो आणखी किती स्वयंपाकघरांत ऐकला, ते त्यानं घरी सांगितलं नाही. लोकांनी त्या खुर्चीसमोर भांडणं बंद केली होती. एका घरात तिच्यासाठी दिवा चालू ठेवून बाहेर जात. का, ते त्यांना सांगता येत नव्हतं. कंपनीकडे मात्र यालाही शब्द होता : भावनिक जवळीक, अपेक्षेपेक्षा अधिक.

एका संध्याकाळी तो घरी आला तर शेगडी थंड. बायको ओट्याला टेकून उभी.

“ती येत नाही आता,” बायको म्हणाली. इतक्या वर्षांत ही गोष्ट पहिल्यांदा तोंडातून बाहेर पडली होती. “पेटवते, थांबते, पुन्हा पेटवते. काही नाही.”

शेगडीवाल्यानं हातातली पिशवी खाली ठेवली.

“कशाला येईल? अख्ख्या शहरानं तिच्यासाठी खुर्च्या मांडल्यात. तिथे कुणी तिला रागावलेलं नाही. मी आहे रागावलेली.”

“तू कुठे रागावलीस आता?”

“तिला कुठे माहीत आहे?”

त्या दिवसापासून बायकोनं शेगडी पेटवणं सोडलं. कुणासाठी पेटवू, म्हणायची. तो बाहेरून काहीबाही आणायचा. ती दोन घास खायची, तेही त्याच्या तोंडाकडे बघून. हातातली बांगडी कोपरापर्यंत जाऊ लागली. डॉक्टरला काही सापडलं नाही. एक दिवस ती पडूनच म्हणाली, “अहो, तुम्ही घरोघरी जाता ना? बघा कुठे आहे ती.”

“आणि सापडली तर?”

“तर तोंड कुणीकडे आहे, एवढं बघून या.”

मग शेगडीवाला न बिघडलेल्या शेगड्याही दुरुस्त करू लागला. “काय हो, शेगडीवर लक्ष आहे की शेगडीवालीवर?” असे टोमणे त्यानं गिळले. कुणी पाणी आणायला आत गेलं की तो कोपऱ्याकडे वाकून हळूच म्हणायचा, “मुंगे?” एका गृहिणीनं ते ऐकलं. “मुंग्या ना? फार झाल्यात हो,” ती म्हणाली आणि त्याच्या हातात फवारणीचा डबा दिला.

खुर्च्या करकरायच्या, पण सगळीकडे अर्धवट, पाहुण्यासारख्या. आणि झाडून सगळ्यांचं तोंड भिंतीकडे. बायको दारातच विचारायची, तो मान हलवायचा, ती पुन्हा कुशीवर वळायची. तिला आता उठून बसायला त्याचा हात लागत होता.

अखेर एका वरच्या मजल्यावर त्याला बोलावणं आलं. घर मास्तरीणबाईंचं. त्या निवृत्त होत्या, एकट्याच राहायच्या. त्यांच्या शेगडीची ज्योत पिवळी येत होती. तो स्वयंपाकघरात शिरला आणि पिशवी हातातच राहिली. खुर्ची शेगडीकडे तोंड करून होती.

“ही अशी कशी ठेवलीत, बाई?”

“मी नाही ठेवली. मी भिंतीकडेच ठेवली होती, चित्रात होती तशी.” मास्तरीणबाई चष्मा पुसत म्हणाल्या. “पण रोज बघून कसंतरी व्हायचं. जन्मभर पोरांना भिंतीकडे तोंड करून उभं केलंय. एकदा भाजी चिरता चिरता म्हटलं, ‘बाई गं, झालं ते झालं. चुकलं माझं. वळ आता.’ सकाळी बघते तर वळलेली.”

“भीती नाही वाटली?”

“वर्गभर पोरं सांभाळली मी. ही एकटी. आणि बडबड करत नाही.”

शेगडीवाल्यानं बर्नर काढला, घासला, बसवला. ज्योत निळी आली. मागे करकर झाली. ती अर्धवट नव्हती. कुणी आपल्या घरात बसावं तशी ती ऐसपैस होती. त्यानं मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मग घरी काय सांगायचं, हे त्याला कळलं नसतं.

घरी येऊन तो म्हणाला, “शेगडीकडे आहे तोंड.”

बायको उठून बसली. आपली आपण. “कुणी वळवली?”

त्यानं मास्तरीणबाईंचं बोलणं शब्दाला शब्द सांगितलं.

“मी तिचा राग जायची वाट बघत राहिले,” ती म्हणाली. “आणि हे साधं एवढं म्हणायचं... ते त्या परक्या बाईनं म्हटलं.”

भिंतीला धरत ती स्वयंपाकघरात गेली. तिनं शेगडी पेटवली, दुधाचं भांडं ठेवलं. कोपऱ्याकडे पाठ करून, दुधाकडे बघत म्हणाली, “मुंगे, चुकलं माझं. जाऊ द्यायला हवं होतं तुला. काय झालं असतं?”

शेगडीवाला दारात उभा होता. फरशीवर लाकूड घासल्याचा आवाज झाला. सावकाश, चारही पाय एकदम न उचलता कुणी बसल्या बसल्या खुर्ची फिरवावी तसा. त्यानं नजर आपल्या पायांवर ठेवली. दूध उतू गेलं. एरवी ते कधी जाऊ न देणारी त्याची बायको गॅस बंद करायला हलली नाही. ती मागे वळली होती आणि तिचं तोंड जिच्याकडे होतं, तिचं तोंड तिच्याकडे होतं.

काही दिवसांनी मास्तरीणबाईंनी त्याला रस्त्यात थांबवलं. “अहो, माझी खुर्ची परत भिंतीकडे. माझं काही बोलायचं राहिलं का?”

“नाही बाई. घरी आली ती. तिच्या.”

“असं होय.” त्यांनी चष्मा वर सरकवला. “सांगून जायचं ना मग. न सांगता वर्ग सोडला, असं लावते मी हजेरीत.”

त्यानंतर शहरात लोक त्या खुर्च्यांवर बसू लागले. काही ठरवून नाही. लसूण सोलायला, फोनवर बोलायला, सहज. तळमजल्यावरच्या सासूबाई म्हणाल्या, आमच्यात पूर्वीपासून बसतात. खुर्च्या कुणी बसण्यासाठी केल्याच नव्हत्या, त्यामुळे बारीक पाय काडकन मोडू लागले. कुणाची कंबर गेली, कुणाचं मनगट. तक्रारींचा ढीग लागला. खांब पुन्हा आला, बऱ्याच स्वयंपाकघरांत उभा राहिला, आणि दर ठिकाणी त्याला फक्त एक खुर्ची दिसली. कारखान्याला कुलूप लागलं.

कंपनीनं काढलेलं निवेदन असं : जागतिक प्राधान्यक्रमांच्या फेररचनेनुसार सदर बाजारपेठेतून गुंतवणूक टप्प्याटप्प्याने काढून घेण्यात येत आहे. ग्राहकांच्या पसंतीत झालेल्या बदलाची कारणे बाह्य स्वरूपाची व अल्पकालीन आहेत. प्रातिनिधिक कुटुंबांचा आकार स्थिर असून, त्यांच्याकडून घरगुती वस्तूंच्या नव्या मागणीची शक्यता नजीकच्या काळात दिसत नाही.

त्याच आठवड्यात शेगडीवाल्याच्या बायकोनं बाजारातून घरातलं तिसरं ताट आणलं.