तिकीट काढून पाहिलेली वाघबारस

असल्या पार्कात पाऊल ठेवायचं नाही, हे मी कधीच ठरवून टाकलं होतं. प्राण्यांच्या नावाने पाळणे फिरवायचे, पिंजऱ्याला संवर्धन म्हणायचं आणि वर लोकांना तिकीट लावायचं, या धंद्याविरुद्ध बोलून बोलून मी गावोगाव घसा कोरडा केलाय. पण माझा कॉलेजातला मित्र जनार्दन कणकवलीत मास्तर आहे, आणि मालवणजवळचं हे पार्क उभं राहिलंय ते त्याच्या आजोळच्या सड्यावर, गावावरच्या जांभ्या दगडाच्या उघड्या माळावर. फोनवर तो म्हणाला, "भाषण नंतर कर. आधी येऊन वाघबारस बघ. यंदा ती पार्कात आहे."

म्हणून निघालो. कोल्हापूरहून सकाळी लवकर सुटलात तर घाट रिकामा मिळतो. फोंडाघाटच्या बाजारात उतरून उसळ-पाव खा, पुढे कणकवलीतल्या गर्दीच्या हॉटेलांपेक्षा तो बरा. कणकवलीत जनार्दनला गाडीत घेतलं आणि कसालवरून मालवणकडे वळलो. मालवणात मी बांगड्याची थाळी मागवली, त्याने नुसता चहा. वाघोबाची खीर खाईपर्यंत मासे नाहीत, म्हणाला.

वाघबारस काय असते ते त्याने वाटेत सांगितलं. तुळशीच्या लग्नाच्या दिवसांत गावचे गुराखी घरोघर फिरून तांदूळ, गूळ, नारळ गोळा करतात आणि रानात वाघोबाच्या दगडापुढे खीर शिजवतात. एकाच्या अंगावर चुन्याचे आणि कोळशाचे पट्टे ओढून त्याला वाघ करतात. मग बाकीचे शेणाचे गोळे मारत त्याला गावाच्या शिवेपलीकडे पिटाळतात. इथली शीव म्हणजे सड्याखालचा व्हाळ, लहानसा ओढा. वाघाने व्हाळ ओलांडायचा, पलीकडे अंग धुवायचं आणि माणूस होऊन घरी यायचं. मग वर्षभर गुरं निर्धास्त. बिबट्याला इथे वाघच म्हणतात, आणि तो काही गोष्टीतला नाही. गेल्या पावसाळ्यात त्याने गोठ्यांतून वासरं उचलली होती. त्यातलं एक भिकू नावाच्या गुराख्याचं. यंदाचा वाघ भिकूच होणार होता.

अडचण एवढीच, की वाघोबाचा दगड आता पार्काच्या कुंपणाच्या आत आहे.

गाव लुबाडला गेला, असं मी लगेच म्हणून टाकलं. जनार्दनने मला थांबवलं. सडा विकला तो मुंबईतल्या भाऊबंदांनी, त्यात त्याचा मामाही होता. तेव्हा शिव्या द्यायच्या तर घरापासून सुरुवात कर, म्हणाला.

पार्कात शिरताना मनगटावर प्लास्टिकचा पट्टा बांधतात. त्यावर लिहिलंय, 'मी निसर्गाचा मित्र'. समोर फायबरचं अजस्र कासव, त्याच्या पोटातून मुलांची घसरगुंडी. पुढे पिंजऱ्यात परदेशी पोपट, काचेत इग्वाना, आणि एक शहामृग, जो एकाच खांबाभोवती फिरून फिरून जमिनीत गोल चर पाडून बसलाय. 'बिबट्याची झेप' नावाचा पाळणा वर जातो आणि माणसं किंचाळत खाली येतात. संवर्धन दालनात गारवा छान आहे. तिथे बटण दाबलं की गवा हंबरतो. दोघांच्या तिकिटांत मालवणात चार दिवस मासे जेवता येतील. जाणार असाल तर एवढा हिशेब करून जा.

वाघोबाचा दगड त्या पाळण्याच्या मागे आहे. भोवती लाद्या, वर रंगीत छत, समोर पायऱ्यापायऱ्यांची बैठक. दगडाशेजारी चूल मांडून तात्या बसले होते. गुराख्यांत सगळ्यांत वडील, वाघ पिटाळायचा मान त्यांचा. भिकू उघड्या अंगाने उभा होता आणि दोघे त्याला पट्टे ओढत होते.

"वाघाचा प्वाट बघा," एक म्हणाला. "ह्यो पळतलो खंय?"

"पार्काच्या जेवणाचा प्वाट आसा ता," भिकू म्हणाला आणि सगळे हसले. तो पार्काच्याच बागेत कामाला आहे. त्याची बायको सुरेखा इथल्या स्वयंपाकघरात. गावातल्या निम्म्या घरांत आता पार्काचा पगार येतो. तो मी नाकारू कसा?

एवढ्यात मॅनेजर आले. तरुण, हसरे, नम्र. बोलणं आधीच झालं होतं, असं त्यांचं म्हणणं. चार वाजता कार्यक्रम, वाघ मैदानाला फेरी मारेल आणि परत येऊन पाहुण्यांबरोबर फोटो काढेल. शेणाला परवानगी नाही, म्हणून स्पंजचे चेंडू आणलेत. तात्यांचं म्हणणं एकच. कुंपणाला व्हाळाच्या बाजूने फाटक आहे, ते घटकाभर उघडा. मॅनेजर म्हणाले, सुरक्षेचा प्रश्न आहे, बघू. आणि पुढे समजुतीच्या सुरात, "काका, आम्ही तुमच्या परंपरेला व्यासपीठच देतोय ना."

तात्यांनी चुलीतलं लाकूड पुढे सरकवलं. "व्यासपीठ तुमचा तुमका ऱ्हवांदे. आमका वाट होयी."

मग मी बोललो. ज्याला रान हवंय पण रानाची भीती नकोय, त्याला रानातलं काहीच मिळत नाही, असं बरंच काही. मॅनेजरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मला सरबताचं कूपन दिलं.

चारला पायऱ्या भरल्या. ढोल वाजला. तात्यांनी दगडाला नारळ दिला, गाऱ्हाणं घातलं. पण ते कुणाला ऐकू आलं नाही, कारण माईकवरून वाघबारशीची माहिती चालू होती. भिकू दगडापुढे वाकला आणि उठला तो खरोखर वाघासारखा. हसू गेलं, खांदे उतरले. गुराखी ओरडत मागे धावले, पायऱ्यांवरून चेंडूंचा वर्षाव झाला. भिकूने मैदानाची फेरी अर्ध्यातच सोडली आणि सरळ व्हाळाकडे पळाला.

फाटकाला कुलूप होतं.

त्याने जाळीला दोन्ही हात लावले. पलीकडे उतार, उताराखाली पाणी, दिसत होतं. कुंपण छातीएवढं. चढला असता तर क्षणात पलीकडे गेला असता. गुराखी मागे थबकले. आता पिटाळायचं तर वाघ जाणार कुठे? मी फाटकावरच्या पहारेकऱ्यावर ओरडलो, उघड ते फाटक. मागच्या पायऱ्यांवरून टाळ्या पडल्या. मीही कार्यक्रमातलाच वाटलो त्यांना.

मॅनेजर घाईने चालत आले, भिकूजवळ जाऊन खालच्या आवाजात म्हणाले, "भिकू, ड्युटीवर आहेस."

भिकूने स्वयंपाकघराकडे पाहिलं. सुरेखा दारात उभी होती. तिने मान हलवली नाही, हात केला नाही. मग भिकूने जाळीवरचे हात काढले आणि वळला. माईकवरून घोषणा झाली, आपला लाडका वाघ परत येतोय.

तो फोटोंना उभा राहिला. एकेक कुटुंब येत होतं, त्याच्या खांद्यावर हात टाकत होतं, कुणी पंजा उगारायला सांगत होतं. तो उगारत होता.

गावची माणसं खिरीची टोपं उचलून निघाली. तात्यांची बायको माझ्या बाजूने चालली होती. कुणाला उद्देशून नव्हे, पण स्पष्ट म्हणाली, "वाघ परत इलो." आणि पुढे, "उद्या गुरां सोडू नकात." त्या संध्याकाळी तात्यांच्या अंगणात खीर वाटली. जनार्दनने ती खाल्ली, मीही खाल्ली. भिकूचं पान मांडलेलं होतं, तो आला नाही.

घरी येऊन आता तीन आठवडे झाले. या पार्काविरुद्ध माझ्याकडे मुद्द्यांची कमतरता नाही: शहामृगाचा चर आहे, प्लास्टिकचा पट्टा आहे, बटणावर हंबरणारा गवा आहे. सभेत ते सांगतो, लोक हेलावतात. पण एक गोष्ट सांगायची वेळ आली की मी पुढच्या मुद्द्यावर जातो. प्राण्याला कोंडायला सळया लागतात. माणसाला कोंडायला बायकोचा पगार पुरतो, आणि छातीएवढं कुंपण दिखाव्यापुरतं.

परवा जनार्दनचा फोन आला. गावची गुरं अजून दावणीलाच आहेत, विकतचा पेंढा घालतायत. पाहुण्यांना आवडलं म्हणून वाघाचा खेळ आता दर शनिवार-रविवारी ठेवलाय. भिकूला बागेतून काढून त्याच कामावर घेतलंय, पगार वाढवून. तात्या त्याच्याशी बोलत नाहीत.

मी म्हटलं, अजून काय? तर जनार्दन म्हणाला, भिकू शाळेत आला होता भेटायला. मॅनेजर शिकलेल्या माणसाचं ऐकतात अशी त्याची समजूत. दाराबाहेरच उभा राहिला, आणि जाताना म्हणाला,

"मास्तर, तुमी सांगून बघा त्यांका. येक दिस तरी माका व्हाळापलीकडे जावंदेत."