बिननावाची घागर

आधी कबुली देऊन टाकते, म्हणजे घरातल्या पोरांना हसायचं ते एकदाच हसून घेता येईल. नणंदेला लग्नात द्यायच्या तांब्याच्या घागरीवर माझ्या नवऱ्याचं नाव घालून आणायचं होतं. मी घालून आणलं, "सासूबाईंचे थोरले चिरंजीव यांजकडून". छिन्नीनं, ठसठशीत, घागरीच्या पोटाला अर्धा वळसा घालून.

दारूबिरू प्यायले नव्हते. शुद्धीत होते, आणि वर स्वतःला फार शहाणी समजत होते.

आमचं गाव बोरगावच्या अलीकडं, बाजार निपाणीचा. सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले, त्यामुळं नणंदेला द्यायचं ते सगळं थोरल्या भावाच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या नावानं द्यायचं. हे बेळगावात नोकरीला, लग्नाच्या आदल्या दिवशी यायचे होते. घरात वाचता येणारी मी एकटी. चौथी पास. सासूबाई पाण्यावर सगळ्यांना सांगायच्या, "आमची सून अक्षरं वळखती," आणि मी घागर जरा जास्तच ताठ मानेनं उचलायची.

त्या बाजारी सासूबाई कासाराकडं बांगड्या ठरवायला गेल्या आणि मला म्हणाल्या, "तू घागर बघून ठेव. वाजवून घे. थोरल्याचं नाव घालून घे." लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, पण एकटीनं करायचं हे पहिलंच काम. मी भांड्यांच्या दुकानात शिरले. दहा घागरी वाजवल्या. मला आवाजातलं काय कळत होतं? पण मान अशी तिरकी करून ऐकायची, की दुकानदाराला वाटावं, बाई तांबटाच्या घरातली आहे. शेवटी जी सगळ्यात गोड वाजली ती घेतली.

दुकानाच्या पायरीवर नाव घालणारा म्हातारा बसायचा. कानडी माणूस. मराठी अक्षरं बघून बघून हुबेहूब कोरायचा, पण वाचायचा नाही. त्यानं छिन्नी उचलली आणि विचारलं, "हेसरेनु?"

नाव काय, एवढं कानडी मला येत होतं. पण नाव सांगायचं कसं? नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, हे आईनं बजावून पाठवलेलं. घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं. म्हाताऱ्यानं माझी अडचण ओळखली असावी. अशा बायका रोज येत असतील. त्यानं कागदाचा कपटा आणि पेन्सिल पुढं केली. आणि इथं माझं चौथीचं डोकं चालायला लागलं. बोलल्यानं आयुष्य कमी होतं, मग लिहिल्यानं होत नसेल कशावरून? आणि ही तर तांब्यावर कोरायची गोष्ट, पिढ्यान्‌पिढ्या टिकणारी. मग शाळेत शिकवलेल्या पत्रलेखनातला मायना आठवून मी झोकात लिहिलं, "सासूबाईंचे थोरले चिरंजीव यांजकडून". नाव घेतलं नाही, खोटंही लिहिलं नाही. म्हाताऱ्यानं एक वेलांटी न चुकता कोरून दिलं. सासूबाई आल्या, अक्षरांवरून बोट फिरवून म्हणाल्या, "माझ्या थोरल्याचं नाव एवढं लांब हाय व्हय?" मी म्हटलं, "कोरल्यावर लांब दिसतं आत्ती."

हे आले की वाचतील, तेव्हा बघू, असं मी ठरवलं. पण घागर तेवढं थांबायला तयार नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यात पाणी भरून चुलीशेजारी ठेवलं. दुपारी उचलायला गेले तर खालची राख भिजून तिचा चिखल झालेला. घागर सांध्यात गळत होती. थेंब थेंब, पण गळत होती.

आता कुणी म्हणेल, घागर गळते त्यात एवढं काय? तर सांगते. माझ्या माहेरची घागर लग्नानंतर महिन्याभरातच गळायला लागली होती. पाण्यावरून घरी येईपर्यंत कमरेखालचं लुगडं ओलं. बायका मागून म्हणायच्या, "हिच्या माहेरची माया बघ कशी गळतीया!" त्यावर वडलांचं नाव घातलेलं, परत द्यायची कुठली? शेवटी सांध्याला डाख लावला, काळा, ठिगळासारखा. गळायची थांबली, पण मग त्या डाखावरून बोलणी सुरू झाली. आणि मला निदान बोलणी कळत तरी होती. नणंद पडणार होती संकेश्वरच्या पलीकडं, जिथं पाण्यावर सगळ्या कानडीत बोलणार. तिला "बा" आणि "होगु", म्हणजे ये आणि जा, एवढंच येत होतं. बायका कशाला हसतायत हेसुद्धा तिला कळलं नसतं. नव्या घरी, नव्या नावानं, ओल्या लुगड्यानं ती पोर त्यांच्यात उभी राहिलेली माझ्या डोळ्यांसमोर आली. नव्या नावानं म्हणते ते खरंच. माझंही लग्नात बदललं होतं. कुणी हाक मारली तर वर्षभर मी मागं वळून बघायची, ही कोण बाई म्हणून.

सासूबाईंना घागर दाखवली. त्यांनी कपाळाला हात लावला. "वाजवून घेतलीस न्हवं?"

"लई गोड वाजली."

"गोड वाजती म्हणून गळायची न्हाय असं कुणी सांगितलं तुला? जा, बदलून आण. लगीन तीन दिवसावर आलंय."

लग्नघरातून त्यांना हलता येत नव्हतं. शेजारच्या अण्णांची गाडी तंबाखू घेऊन निपाणीला निघाली होती, तिच्यात घागर मांडीवर घेऊन बसले. तंबाखूच्या खाटानं वाटभर शिंका. प्रत्येक शिंकेला मांडीवरची घागर घुमायची आणि अण्णा पुढून म्हणायचे, "वाजती मात्र चांगली!"

दुकानात गादीवर एक अनोळखी गृहस्थ पान लावत बसलेले. मी घागर पुढं ठेवून सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे पान दुमडलं, तोंडात टाकलं, चुना बोटाला लावला आणि म्हणाले, "मी मालकांचा साडू. पाव्हणा हाय मी. मला काय सांगता?"

"मग मालक?"

"बेळगावला गेल्यात. उद्या या."

"तुम्ही गादीवर बसलाय म्हणून..."

"गादी मऊ हाय म्हणून बसलोय."

परत गाडी, परत तंबाखू, परत शिंका. घागर तशीच घरी आली. सासूबाईंनी घागरीकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. ते बघणं साडूच्या बोलण्यापेक्षा जड होतं.

दुसऱ्या दिवशी त्याच गाडीनं परत गेले, तर मालक होते. त्यांनी घागर उलटी केली, सुलटी केली, तळाला टिचकी मारली. "गळत न्हाय बाई. घाम आलाय तिला. तांब्याला घाम येतो."

"राख भिजली मालक."

"लई घाम आला असंल."

दुकानात तीनचार गिऱ्हाइकं होती, ती हसली. मला रडू यायच्या बेतात होतं, पण त्याच्या आधी राग आला, आणि माझं नेहमी रागातच डोकं चालतं. दारात गिऱ्हाइकांसाठी पाण्याचा रांजण होता. मी घागर काठोकाठ भरली आणि आणून त्यांच्या पांढऱ्याशुभ्र गादीवर ठेवली.

"अगं ए पोरी! हे काय?"

"घामच हाय न्हवं मालक? घाम वाळतो."

ते उचलायला पुढं झाले, पण गिऱ्हाइकांतले एक आप्पा म्हणाले, "असू द्या की. घाम हाय म्हणालासा." मग सगळेच थांबले. मी पदर खोचून उभी. इतक्या लोकांसमोर पुरुषमाणसाच्या गादीवर घागर ठेवून उभं राहायचं धाडस माझ्यात कुठून आलं, कोण जाणे. थोड्या वेळानं घागर उचलली तर खाली बैलगाडीच्या चाकाच्या मधल्या तुंब्याएवढं ओलं वर्तुळ.

"बरं, गळती म्हणू," मालक गादीवर फडकं दाबत म्हणाले. "डाख लावून देतो. आत्ताच्या आत्ता."

"डाख नको. नवी नवरी डाखाची घागर घिऊन जाईल व्हय?"

"मग मी काय करू? नाव घातलेलं भांडं परत घेत न्हाय. मीच न्हवं, निपाणीत कुणीबी घेत न्हाय. तुमच्या घराचं नाव घातलेली घागर मी आणि कुणाच्या गळ्यात मारू?"

हे मात्र खरं होतं. नाव घातलेलं भांडं परत येत नसतं, सगळ्यांना माहीत. वडलांच्या नावाची माझी घागर त्यासाठीच डाख घेऊन बसली होती. उचलावी घागर आणि निघावं, म्हणून तिच्या गळ्यात हात घातला, तर पोटावरची माझीच अक्षरं माझ्याकडं बघत होती.

मी घागर फिरवून त्यांच्यापुढं केली. "मालक, वाचा."

त्यांनी चष्मा चढवला आणि मोठ्यानं वाचलं, "सासूबाईंचे... थोरले... चिरंजीव... यांजकडून." चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. पुन्हा घागरीकडं बघितलं.

"यात नाव कुठं हाय मालक?"

"हे काय मग?"

"कुणाच्या सासूबाई?"

"तुमच्या."

"असं लिवलंय कुठं? निपाणीत सासवा काय कमी हाईत? ह्यातल्या कुणालाबी चालंल ही घागर."

आप्पा एवढे हसले, की त्यांना रांजणाशी जाऊन पाणी प्यावं लागलं. मालकांना हसूही येत होतं आणि ते दाबायचंही होतं. त्यांनी पायरीवरच्या म्हाताऱ्याला हाक मारली. आपलंच कोरलेलं त्यानं बोटानं पुन्हा एकदा चाचपलं, आप्पांनी त्याला त्यातलं काय ते कानडीत समजावलं, आणि त्यानं मान हलवून निकाल दिला, "हेसरु इल्लरी." नाव न्हाय.

मालकांनी नवी घागर काढली. मी ती वाजवली नाही. सरळ रांजणाशी नेऊन भरली आणि घेऊन गादीकडं निघाले, तसे ते दोन्ही हात पुढं करून उठले. "फरशीवर! फरशीवर ठेवा आक्का!"

पोरीची आक्का झाले ती तेव्हा. घागर फरशीवर ठेवून तिच्याशेजारी मांडी घालून बसले. अण्णांची गाडी तंबाखू उतरून परत येईपर्यंत बसले. फरशी कोरडी. हात फिरवला, पदर फिरवला, कोरडी.

म्हाताऱ्यानं छिन्नी उचलली. "हेसरेनु?"

मी नाही म्हणून मान हलवली. यावेळी आयुष्य कमी होण्याची भीती नव्हती, व्यवहार होता. नाव नसलं तर गळल्यावर परत आणता येईल, एवढं मी त्या दुकानात शिकले होते. आणि मी काय, शिकलेलं लगेच वापरणारी.

घरी आले तेव्हा आतल्या खोलीत नणंदेच्या हातात बांगड्या भरणं चाललं होतं. कासारीण तिची बोटं दाबत होती आणि ती मोजून मोजून ओरडत होती. सासूबाईंनी परसात घागर भरून कोरड्या दगडावर ठेवली आणि तिच्यासमोर बसून राहिल्या. मीही बसले. दगड ओला झाला नाही. मग त्यांनी पदरानं तिचं पोट पुसलं, सगळ्या बाजूंनी बोट फिरवलं आणि विचारलं, "थोरल्याचं नाव?"

मग मला सगळंच सांगावं लागलं. कागदाचा कपटा, मायना, साडू, गादी, आणि नाव का घातलं नाही ते. वाटलं, आता घेतात खबर. लग्नात चार लोक भांडी बघणार, कुणी काय दिलं ते वाचणार, आणि आमची घागर कोरी. "उद्या परत जाऊन नाव घालून आणू का आत्ती?" मी विचारलं.

आतून नणंदेच्या ओरडण्याचा आणि कासारणीच्या हसण्याचा आवाज येत होता, तिकडं त्या ऐकत होत्या. मग घागरीच्या गळ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "असू दे कोरी. परवा माझ्या पोरीवर नाव घालतील, मग तिला काय मला परत आणता यायची न्हाय. एक घागर तरी बिननावाची जाऊ दे तिच्यासंगट."