खळग्यावरची लाल माती

बाबांचं माझ्याकडे मागणं एकच होतं. मरण आलं की याच खोलीतून न्यायचं, आणि खांदा द्यायला याच चाळीतली माणसं पाहिजेत. बाकी आयुष्यात त्यांनी काही मागितलं नाही. चष्मासुद्धा मी ओढत नेलं तेव्हा झाला. आणि हे एवढं एक मागणं माझ्या हातून गेलं. दुसऱ्या कुणी हिसकावून नेलं असतं तर त्याच्या नावाने बोटं तरी मोडली असती. घालवलं मीच, तर आता बोटं कुणाच्या नावाने मोडू?

परळला आमच्या चाळीच्या मागे गिरणीचं डाइंग खातं होतं, कापड रंगवायचं. चाळ सगळी बौद्धांची. साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर, धागा तोंडाने ओढावा लागायचा; आमच्या तोंडाचा विटाळ नको, म्हणून आमच्या आजोबांना साचाखात्यात कुणी उभं केलं नाही. ते रंगात गेले आणि त्यांच्या मागून बाबाही रंगात. मागच्या मैदानात एक खळगा होता. खात्यातलं रंगाचं, तेजाबाचं पाणी वर्षानुवर्षं तिथे सोडलेलं. तिथे गवताची काडी उगवत नाही. पावसात पाणी साचलं की वर जांभळा तवंग, आणि ऊन पडलं की माती निळी-हिरवी दिसते. लहानपणी मी एकदा त्यात पाय घातला तर पोटरीला महिनाभर खाज होती, आणि वर आईने बदडलं ते वेगळंच.

गिरणी बंद पडली, शेड पाडली गेली. चाळ आणि मैदान, दोन्ही कंपनीच्या नावावर राहिलं. कंपनीला तिथे टॉवर हवा होता. टॉवर म्हणजे चाळ रिकामी, आम्ही सगळे लांबच्या संक्रमण शिबिरांत विखुरलेले, कोण कुठे त्याचा पत्ता नाही, आणि परत कधी येणार ते विचारायचं नाही. बाबांनी ऐंशी ओलांडलेली. परत यायची वाट बघायला त्यांच्याकडे वेळ होता कुठे?

तेवढ्यात सरकारची योजना आली. विषारी, खराब झालेल्या जमिनीवर कुणी सौरऊर्जेचा प्रकल्प उभारला तर सरकार अनुदान देणार, करात सूट देणार, वीजही विकत घेणार. जमीन खोल खणायची नाही, विष वर काढायचं नाही. जाड थर देऊन ते खाली कायमचं दाबायचं आणि वर पॅनेलं उभी करायची. चाळ समितीचा सेक्रेटरी लहानपणी शाळेत माझ्याच वर्गात होता, तो बातमीचं कात्रण घेऊन धावत आमच्या दारात आला. टॉवरसाठी ती विषारी माती उपसायची तर खर्च कंपनीला जड जाणार होता, त्यामुळे कंपनीचा माणूसही तयार झाला. तो म्हणाला, अर्ज तुम्ही तयार करा, सही आम्ही देतो; जागा योजनेत बसली तर चाळीला हात लावणार नाही. तसं लिहूनही दिलं. पण बोलायला मैदानात आला तेव्हा खळग्याजवळ उभं राहून त्याने रुमाल काढला, नाकाला लावला, आणि खळग्याकडे नाही, आमच्या गॅलऱ्यांकडे बघितलं. तो रुमाल माझ्या डोक्यात गेला तो गेलाच.

अर्ज मी लिहिला. मी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका, अक्षर चांगलं, आणि सरकारी भाषा मला पाठ. ‘जमीन दूषित असल्याचे पुरावे’ अशा रकान्यात मी चार पानं भरली. मैदानाचा नकाशा काढला, खळग्यावर लाल पेनाने फुली मारली. बाबा पलंगावर बसून एकेक सांगत होते, कुठली वाहिनी कुठून यायची, पिंपं कुठे उलटी करायचे. जन्मभर लोकांनी आमच्या वस्तीला घाण म्हणावं आणि आम्ही भांडावं, असंच चाललं होतं. आता आम्हीच सरकारला लिहून देत होतो की होय, इथे घाण आहे, या आणि बघा. त्या घाणीवर बाबांची खोली टिकणार होती. अर्ज गेला आणि आमचा सगळ्यांचा जीव टांगणीला लागला.

डिसेंबरात पत्र आलं, की नमुने घ्यायला पथक येणार.

आता माझा शहाणपणा ऐका. पंचवीस वर्षं शाळेत काढली की ‘तपासणी’ या शब्दाला अंगात एकच उत्तर तयार असतं. आवरा. साहेब येणार म्हटलं की आम्ही तुटके बाक गच्चीवर टाकतो, भिंतींना रंग देतो, मुलांना नखं कापून यायला सांगतो. तपासणी कशाची, कशासाठी, हे कोण विचारतो? पत्र वाचलं आणि मला तो निळा-हिरवा खळगा दिसला, आणि तो रुमाल दिसला. माझं डोकं फिरलं. म्हटलं, सरकारी माणसं येतील आणि आमच्या दारात नाक धरून उभी राहतील? माझ्या डोळ्यांदेखत? विष काय, ते जमिनीत मुरलेलंच आहे, यंत्राला का ते लपणार आहे? वरून जरा माणसासारखं दिसलं तर काय बिघडलं?

कुणालाही न विचारता मी फोन करून लाल मातीचे दोन टेम्पो मागवले. शाळेतून सुट्टी मिळेना, म्हणून बाबांना सांगितलं, तुम्ही मैदानात उभं राहून खळगा भरून घ्या, नीट चोपून घ्या.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाले, “अगं, झाकतेस कशाला? ते बघायलाच येतायत ना?”

“बाबा, तुम्हाला कळत नाही. सांगितलं तेवढं करा.”

असं बोलले मी. ज्या माणसाने तो खळगा रंगाच्या पाण्याने भरताना बघितला, ज्याच्या नखांतला निळा रंग निवृत्तीनंतरही कितीतरी दिवस गेला नव्हता, त्याला मी म्हटलं, तुम्हाला कळत नाही. दुपारी बाबा काठी घेऊन भर उन्हात उभे राहिले आणि मी सांगितलं तसं सगळं करून घेतलं. बायकांनी गॅलरीतून बघितलं. संध्याकाळी सेक्रेटरी कामावरून आला, मैदान बघून म्हणाला, बरं केलंत काका, निदान चिखल तरी होणार नाही. त्याच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. एवढ्या चाळीत एका माणसाला कळलं होतं, आणि त्याला मी गप्प केलं होतं.

पथक आलं. तिघं होते, त्यांची मुख्य एक तरुण मॅडम, बोलायला गोड. कुणीही रुमाल काढला नाही. त्यांनी माझा नकाशा उघडला, फुलीची जागा विचारली, मी पुढे होऊन दाखवली. नळी वीतभर आत गेली, माती पिशवीत भरली, चिकटपट्टी लावली. असं फुलीच्या आसपास चार-पाच ठिकाणी केलं. मग चहा झाला. मॅडम म्हणाल्या, किती स्वच्छ ठेवलंय तुम्ही सगळं. काय सांगू, मी फुलून गेले. मोठ्या तोऱ्यात बाबांकडे बघितलं. ते मॅडमकडे बघत नव्हते, पिशव्यांकडे बघत होते. एकदा खुर्चीतून अर्धवट उठलेही, पण मी डोळे वटारले तसे परत बसले.

फेब्रुवारीत अहवाल आला. जमिनीत आक्षेपार्ह काही आढळले नाही, सबब जागा योजनेस पात्र नाही. सेक्रेटरीने जिन्यात उभं राहून वाचून दाखवला. लोक आधी हसले, यांची मशीनच खराब असेल म्हणाले. मग एकेक करून गप्प झाले. आता कंपनीच्या हातात सरकारी कागद होता की जमीन शुद्ध आहे, म्हणजे माती उपसायचा खर्चही नको. टॉवरच्या वाटेतली धोंड मी माझ्या हाताने उचलून बाजूला ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना फोन लावला. त्या चांगल्या होत्या, फोन ठेवला नाही. म्हणाल्या, नमुन्यात बाहेरची लाल माती आलीय, कुणीतरी वर भर टाकलीय. ज्याने टाकली त्याने तसं लिहून दिलं तर फेरतपासणीचं वर विचारता येईल. कोणी टाकली, असं त्यांनी विचारलं. विचारून सांगते, म्हटलं, आणि फोन ठेवला.

बाबा पलंगावरच होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. म्हणाले, “माझं नाव लिही. तुझी सरकारी नोकरी आहे. मी म्हातारा, मला कोण काय करणार?”

नाही म्हणायला पाहिजे होतं. तोंडावर फेकायला पाहिजे होता तो पेन. पण त्या वेळी मला एवढंच दिसत होतं की फेरतपासणी झाली तर खोली वाचेल, आणि खोली वाचली तर सगळं माफ. नोकरीची भीतीही होतीच, खोटं कशाला बोलू? मी माझ्या सुंदर अक्षरात लिहिलं, ‘सदर भर मी स्वतःच्या मर्जीने टाकली आहे,’ आणि बाबांनी खाली सावकाश सही केली. सही झाल्यावर त्यांनी ती चष्मा सावरून पुन्हा एकदा वाचली.

ते पत्र आम्हाला वाचवायला गेलं आणि आमच्यावरच उलटलं. फेरतपासणीचा अर्ज जमिनीच्या मालकाने करायचा असतो, हे मॅडमनाही तेव्हा सुचलं नव्हतं, म्हणून त्यांच्या कचेरीतून बाबांचं पत्र कंपनीकडे गेलं. मालक कशाला करेल? कंपनीने उलट कळवलं की रहिवाशांनीच जागेत फेरफार केला, सबब आम्ही योजनेतून माघार घेतो. त्याची प्रत समितीला आली, आणि सोबत बाबांच्या सहीचं पत्र. सेक्रेटरीने संध्याकाळी गॅलरीत तेही मोठ्याने वाचलं. मी आत पोळ्या लाटत होते. बाहेर कुणी ओरडलं नाही. एक बाई एवढंच म्हणाली, काकांनी असं का केलं असेल? दुसरी म्हणाली, म्हातारपण, दुसरं काय. त्यांनी भर उन्हात बाबांना तिथे उभं बघितलं होतं, मग शंका कशाला येईल? मी लाटणं ठेवून उठले. बाबांनी मान हलवली, नको. आणि मला मेलीला तेवढं निमित्त पुरलं. मी बसले.

त्यानंतर कुणी भांडायला आलं नाही. भांडले असते तर मला बरं वाटलं असतं, मी तापट आहे, भांडता भांडता खरं बोलून गेले असते. लोक फक्त यायचे थांबले. बाबांच्या पलंगाशी रोज संध्याकाळी पेपर वाचायला दोघं-तिघं बसायचे, ते समोरच्या गॅलरीत बसायला लागले. बाबा त्यांच्याकडे तोंड करून बसायचे. रोज ठरवायचे मी, आज सांगते. पण आता सांगायचं म्हणजे एक नाही, दोन गुन्हे सांगायचे, माती टाकली तोही आणि बापाच्या माथी मारला तोही. माझं धाडस झालं नाही. मार्चअखेर खोल्या रिकाम्या करायच्या नोटिसा दाराला चिकटल्या. मुदत मेपर्यंत.

मग एप्रिलात चाळीतली शेवटची जयंती आली. खाली ध्वज लागला, माइक आला. पहिली मेणबत्ती चाळीतल्या सगळ्यात वयस्कर माणसाने लावायची, अशी आमच्याकडे पद्धत. समितीची पोरं वर येतात, त्यांना हाताला धरून खाली नेतात. बाबांनी सकाळीच आंघोळ केली, पांढरा सदरा घातला आणि दारात खुर्ची टाकून जिन्याकडे तोंड करून बसले. दहा वाजले, साडेदहा वाजले. खाली बाबांहून दोन वर्षांनी लहान असलेल्या एका आजोबांना नेताना मी गॅलरीतून बघितलं. मी आत येऊन म्हटलं, “बाबा, आत चला. ऊन आलंय.”

“थांब जरा,” ते म्हणाले. “येतील बोलवायला. गर्दीत विसरले असतील.”

माइकवरून वंदना सुरू झाली. बाबांनी खुर्चीत बसल्या बसल्या हात जोडले. मी चपला घातल्या, जिन्यापर्यंत गेले, कठड्याला धरून उभी राहिले, आणि वंदना संपायच्या आत परत आले.