बत्ती मारली होती

आमच्या गल्लीत कुणी कुणाला हाक मारत नसे, कारण हाक ऐकू जात नसे. भिवंडीतली ती गल्ली दोन्ही बाजूंनी लूमच्या कारखान्यांनी भरलेली होती. दिवसपाळी आणि रातपाळी मिळून लूम सतत चालत. आवाज भिंतीतून यायचा, जमिनीतून यायचा, भरलेल्या हंड्यातल्या पाण्यावर दिसायचा. कुणाला बोलवायचं असेल तर जवळचं बटण दाबून दिवा दोनदा उघडबंद करायचा. समोरचा मान वर करून बघायचा. याला सगळे ‘बत्ती मारणं’ म्हणत. कारखान्यात मुकादम कारीगराला बत्ती मारायचा, घरी आई आम्हाला जेवायला बत्ती मारायची. कुलूप लावण्याआधीही बत्ती मारत. आत कुणी राहिलं असेल तर त्याने बाहेर यावं, म्हणून.

माझी धाकटी बहीण दुसरीत होती. बाई वर्गात तिचं नाव घेत आणि ती खाली मान घालून चित्र काढत बसे. तिला ऐकू कमी येतं, असं बाईंना वाटलं. तपासणी झाली, कान उत्तम निघाले. डॉक्टर आईला म्हणाले, “हिला हाकेची सवय नाही.” घरी येऊन हे सांगताना आई हसत होती. ते हसणं मला पुढे बरेच दिवस आठवत राहिलं.

शाळा समाजाने वर्गणीतून चालवलेली होती. गल्लीच्या टोकाला, एका कारखान्याला चिकटून. त्याच कारखान्यात वडील फिटर होते. सेठने कारखान्याच्या मागची एक खोली शाळेला सामान ठेवायला दिली होती. खोलीचं दार कारखान्याच्या आवारात उघडत असे आणि तिची वीजही कारखान्याच्याच मेन स्विचवरून येत असे. ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती आणि त्या दिवशी ती कुणाच्याही ध्यानात आली नाही.

दिवाळीच्या सुट्टीत शाळेत शिबिर असायचं. ज्यांना गावी जायचं नसे, ती मुलं यायची. पणत्या रंगवणं, रांगोळी, किल्ला आणि शेवटच्या दिवशी कंदील. आमचे कंदील सुताच्या रिकाम्या कोनांचे असत. सूत ज्यावर गुंडाळून येतं ते पुठ्ठ्याचे निमुळते कोन. ते एकाला एक चिकटवून चांदणी करायची, आत दिवा सोडायचा. मी नववीत होते, मोठ्या मुलींबरोबर पणत्यांच्या बाजूला होते. बहीण लहान मुलांच्या गटात होती. तिच्या कंदिलाकडे बघून एक मुलगा म्हणाला, “हे रॉकेट आहे. सोड वर.”

“तुझ्या डोक्यावर सोडते,” ती म्हणाली. मग बाईंकडे गेली. तिला हिरवे कोन हवे होते. सगळ्यांचे पांढरे होते.

बाई म्हणाल्या, “मागच्या खोलीत असतील. बघून ये, पटकन ये.” ही नेहमीची गोष्ट होती. मुलं दिवसातून कितीदा तरी शाळेच्या मागच्या फाटकातून त्या खोलीत जात.

त्याच दुपारी कारखाना सुट्टीसाठी बंद व्हायचा होता. बंद करण्याआधी मशीनची पूजा असते आणि पूजेआधी सगळे लूम तेलाच्या फडक्याने पुसतात. पुसताना कुणाचा हात अडकू नये म्हणून मेन आधीच खाली ओढतात. लूम थांबले तेव्हा आम्ही पणत्या सोडून एकमेकींकडे बघितलं. वर्षातून एक-दोनदाच तो आवाज पूर्ण थांबतो. कानात काहीतरी वाजत राहतं. तेवढ्यात गल्लीत फटाके सुरू झाले आणि ते चालूच राहिले.

शिबिर सुटलं तेव्हा बहीण नव्हती. बाईंना वाटलं, ती माझ्याबरोबर आहे. मला वाटलं, ती पुढे घरी गेली. तिचा कंदील बाकावर तसाच होता, एका बाजूने उघडा. मी तो उचलून घरी नेला. दारात आई चकल्या तळत होती. तिने माझ्या हातातला कंदील पाहिला आणि माझ्या मागे पाहिलं.

“ती कुठाय?”

मी काही बोलण्याआधीच आईने गॅस बंद केला. कढईतली चकली अर्धी पांढरी होती.

शेजारच्या काकी पायरीवर बसल्या होत्या. म्हणाल्या, “न्हाय गो बाय, इकडं न्हाय आली. सकाली दिसलेली, शालेत जाताना.”

तिथून पुढे सगळं वेगाने झालं आणि तरी काहीच पुढे सरकलं नाही. वडील पूजा आटोपून घरी आले होते, ते तसेच परत निघाले. कपाळावर मुकादमाने लावलेला कुंकवाचा टिळा होता. घामाने तो नाकावर आला होता आणि त्यांनी तो पुसला नाही. शाळेचे सगळे वर्ग बघितले, बाथरूम बघितलं, गच्ची बघितली. बाई प्रत्येक बाकाखाली वाकून बघत होत्या. एवढी मुलगी बाकाखाली का बसेल, हे कुणी विचारलं नाही.

“मागची खोली?” वडिलांनी विचारलं. “कोन आणायला पाठवलं होतं मी, पण तेव्हाच परत आली असणार,” बाई म्हणाल्या.

मुकादम चाचा तिथेच होते. मूळचे उत्तरेतले, पण आमच्या जन्माच्या आधीपासून गल्लीत. मराठी आणि हिंदी त्यांच्या तोंडात एकच होती. म्हणाले, “मैंने खुद बंद किया, भाई. पूजेच्या आधी. दोन बार बत्ती मारली, रुकलो पण. कोई नहीं निकला, तब ताला मारा. बाद में फाटक को भी.”

“बत्ती मारली ना?”

“मारी ना. कसम से.”

“मग तिथे नाही ती,” वडील म्हणाले.

बाईंनी मान हलवली. मीही हलवली. बत्ती मारल्यावर आमच्या गल्लीतलं मूल आत थांबत नाही. आमच्या दृष्टीने तो पुरावा होता. तिथून शोध खोलीपासून दूर गेला आणि बराच वेळ दूरच राहिला.

माणसं वाटून घेतली गेली. काही नाल्याकडे गेली, काही बायपासकडे. जवळच्या पूर्णा गावातल्या गोदामांकडे जाणारे ट्रक त्या रस्त्याने सारखे असतात. कुणी तरी चौकीवर गेलं. तिथून फोटो मागितला, तेव्हा आईने शाळेच्या स्नेहसंमेलनातला फोटो फोनवर शोधला. त्यात बहीण फुलपाखरू झाली होती. तोच फोटो थोड्या वेळाने गल्लीतल्या प्रत्येक फोनवर आला, खाली कुणी तरी लिहिलेलं: ‘मुलं पळवणारी टोळी फिरते आहे.’ हे कुणी लिहिलं, कधीच कळलं नाही.

आई घरी थांबली. कुणी तरी थांबायला हवं होतं. ती दारातल्या बटणावर हात ठेवून उभी राहिली आणि बाहेरचा दिवा उघडबंद करत राहिली. दोनदा, मग थांबायचं. पुन्हा दोनदा. तेव्हा ऊन होतं. दिवा लागलेला नीट दिसतही नव्हता.

मी वडिलांच्या मागे मागे होते. त्यांनी मला घरी जा म्हटलं नाही. मी मागे आहे हे त्यांना कळत होतं की नाही, सांगता येत नाही.

नाक्यावर गर्दी दिसली. मध्ये एक भंगार गोळा करणारा म्हातारा होता, पाठीवर पोतं. त्याची बाही कुणी तरी पकडली होती.

“पोत्यात काय आहे?”

“भंगार है बाबू. बोतल है.”

“उघड. उघड म्हणतो ना.”

“इधर का नहीं दिखता,” गर्दीतला दुसरा म्हणाला.

“रोज आता हूँ, बाबू. सबको मालूम है.”

पोतं जमिनीवर पडलं. ते जड होतं. मी डोळे मिटून घेतले. बाटल्या रस्त्यावर घरंगळल्याचा आवाज आला, पत्र्याचा आवाज आला, मग काहीच नाही. डोळे उघडले तर म्हातारा दोन्ही हात डोक्यावर धरून बसला होता, अजून कुणी मारलं नव्हतं तरी. एकाने हातात फळकूट घेतलं होतं. वडील आत घुसले.

“सोडा त्याला.”

“पण भाऊ, चौकशी तर—”

“माझी पोरगी आहे. मी सांगतोय, सोडा.”

त्यांनी वाकून दोन-तीन बाटल्या पोत्यात भरल्या, मग मध्येच थांबले, उरलेल्या तशाच सोडून चालू लागले. तोवर मला एकाच गोष्टीची भीती होती. आता गर्दीचीही वाटायला लागली. ही सगळी आमचीच माणसं होती, त्यांतल्या निम्म्यांच्या घरी मी जेवले होते.

ऊन उतरलं. घरोघरी कंदील लागले. आमच्याच शाळेत केलेले, कोनांचे. नाल्याकडची माणसं रिकाम्या हाताने परत आली. मग काकींनी ते विचारलं. त्या वडिलांच्या जवळ आल्या, आवाज अगदी खाली.

“कारखान्याची टाकी बगितली का रं?”

कारखान्याच्या आवारात जमिनीत पाण्याची टाकी होती, वर लोखंडी झाकण. शाळेकडून आवारात जायच्या फाटकाला कुलूप होतं, पण फाटकाखाली फट होती. चेंडू आणायला मुलं त्या फटीतून जात. बहीणही जायची. मी ते पाहिलं होतं, सगळ्यांनीच पाहिलं होतं.

मुकादम चाचा किल्ली आणायला गेले.

फाटक उघडलं. आवारात अंधार होता. टाकीचं झाकण पुरतं बसलेलं नव्हतं, एका बाजूला हाताच्या पंजाएवढी फट होती. ते नेहमीच तसं असतं, असं कुणी तरी म्हणालं. वडिलांनी आणि आणखी दोघांनी ते सरकवलं. लोखंड सिमेंटवर घासल्याचा आवाज झाला. कुणी तरी फोनचा उजेड आत मारला, पण पाणी खोल होतं आणि उजेड वरच राहिला.

“हॅलोजन लावा,” वडील म्हणाले. “मेन चालू करा, चाचा.”

ते टाकीच्या कडेला पोटावर आडवे झाले. एकाने त्यांचे पाय धरले. बाई माझ्याजवळ आल्या आणि त्यांनी मला टाकीपासून वळवायचा प्रयत्न केला, पण मी आधीच वळले होते. मला बघायचं नव्हतं. मी कारखान्याच्या मागच्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. भिंतीवर खूप उंच, छपराखाली, मागच्या खोलीचा झरोका होता. काच तेलकट, काळी.

आत खटका वर गेल्याचा आवाज आला. आवारात पांढरा उजेड पडला. माझ्या मागे कुणी तरी मोठ्याने श्वास घेतला. मी कान दाबून धरले.

झरोका पिवळा झाला. मग काळा. मग पिवळा, मग काळा. थोडा वेळ काहीच नाही. पुन्हा पिवळा.

मी बाईंचा पदर ओढला आणि बोट वर केलं. बाईंनी बघितलं, पण त्यांना त्याचा अर्थ कळायला वेळ लागला. त्या आमच्या गल्लीतल्या नव्हत्या. मुकादम चाचा मेनजवळून बाहेर आले, त्यांनी झरोका पाहिला आणि ते जागच्या जागी उभे राहिले. त्यांच्या हातातली किल्ली वडिलांनी घेतली की चाचांनी दिली, हे मी पाहिलं नाही.

दार उघडलं तेव्हा बहीण दाराशेजारच्या बटणाखाली एका उलट्या डब्यावर उभी होती. मांडीएवढ्या उंच चिंध्यांच्या ढिगातून तिने तो डबा ओढत आणला होता. फ्रॉकच्या खिशात हिरवे कोन होते. चेहऱ्यावर रडून सुकलेल्या रेघा होत्या, पण त्या वेळी ती रडत नव्हती. वडिलांकडे बघून रागाने म्हणाली, “मी कधीपासून बत्ती मारतेय.”

तिच्या उजव्या अंगठ्याला फोड आला होता आणि तो फुटला होता.

नंतर तुकड्या-तुकड्यांनी कळलं. हिरवे कोन ढिगाच्या मागे होते, ती तिथे शिरून खाली बसली होती. दाराशी बटणाचा आवाज तिने ऐकला होता, पण दिवा काही लागला-विझला नाही, म्हणून तिने लक्ष दिलं नाही. झरोक्यातून दुपारचा उजेड येत होता. मुकादम चाचांनी सवयीने बटण दोनदा दाबलं होतं, दिव्याकडे न बघता. मेन खाली होता. ते खोटं बोलले नव्हते. मग कुलूप लागलं. ती आधी ओरडली. बाहेर फटाके होते. मग तिने तेच केलं जे तिला येत होतं, आणि मेन वर जाईपर्यंत करत राहिली.

“ओरडायचं ना गं अजून,” बाई म्हणाल्या. त्या रडत होत्या.

“ओरडून कोण येतं?” ती म्हणाली.

मुकादम चाचा खोलीच्या पायरीवर बसले होते. वडील तिला घेऊन त्यांच्यापुढून गेले तेव्हा त्यांनी तिच्या पायाला हात लावला. वडिलांनी ‘मग तिथे नाही ती’ म्हटलं होतं, ते दोघांनाही आठवत असणार.

शाळेपासून आमच्या घरापर्यंत गल्ली सरळ आहे. लूम बंद होते, फटाके थोडा वेळ थांबले होते. त्या क्षणी कुणी हाक मारली असती तर आईला ऐकू गेली असती. कुणी मारली नाही. पहिल्या घराने बत्ती मारली. मग पुढच्या घराने, मग समोरच्या. दिवे एकामागोमाग उघडबंद होत आमच्या घराकडे निघाले.

वडिलांच्या कडेवरून तिचा हात खाली लोंबत होता, तो मी धरला होता, फोडाला लागणार नाही असा. प्रत्येक दिवा विझला की मी तिचा हात घट्ट धरायचे. एवढी माणसं जवळ असूनही मला तो मधला काळोख सहन होत नव्हता. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला आमचा दिवा दिसत होता. तो अजून दोनदा लागत होता आणि थांबत होता. आईपर्यंत काही पोहोचलं नव्हतं.

मग तो विझला आणि लागलाच नाही. आई बटण सोडून धावत निघाली होती. गर्दीतून आम्हाला ते दिसत नव्हतं. आम्हाला फक्त घर अंधारात दिसत होतं, आणि वडील चालता चालता थांबले.