दोहातला बर्फ आणि खिशातले हात

घराचं लोखंडी गेट. गेटच्या बिजागऱ्या. जिन्याचा कठडा, आणि तो हलत नाही, माझ्या मेहुण्यानं दर दिवाळीला हलवून पाहिलाय. मधुराची पहिली तीनचाकी. द्राक्षबागेत औषध फवारणारा ब्लोअर, भंगारातल्या बिनगिअरच्या स्कूटरच्या इंजिनावर चालणारा. कांद्याच्या चाळीतला पंखा. हे सगळं मी माझ्या हातांनी केलं. आयटीआयचं तोंड न पाहता, सिन्नरच्या हायवेला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये.

या यादीत एक स्नोमोबाइल नाही. ती कतारमध्ये आहे. तिला मी बोटही लावलेलं नाही, आणि ही पोस्ट तिच्याचबद्दल आहे.

वर्ल्डकपच्या वर्षी उन्हाळा लागायच्या आत जाऊन यायचं ठरलं. मुलगी मधुरा, जावई समीर आणि नात ईरा दोहाला ओल्ड एअरपोर्ट भागात राहतात. सौ.चे गुडघे, त्यामुळे ती आली नाही. मधुरानं फॅमिली व्हिजिट व्हिसा काढला. (नियम सारखे बदलतात, तुम्ही जाल तेव्हाचे तपासून घ्या.) मुंबईहून विमान चार तासांच्या आत पोचवतं. सामानात मी चकल्या, गोडा मसाला आणि माझी स्टीलची फुटपट्टी घेतली होती. "फुटपट्टी कशाला?" सौ.नं विचारलं. असू दे म्हटलं. मला रिकाम्या हातानं कुठे जाता येत नाही.

त्या वर्षीचं दोहा म्हणजे सगळं उकरलेलं. काल ज्या रस्त्यानं आलो तो आज नाही, नारिंगी शंकू लावून दुसरीकडे वळवलेला. टॅक्सीवाला केरळचा होता. मोबाइलचा नकाशा बंद करून म्हणाला, "साब, मॅप को भी नहीं पता. वर्ल्डकप तक ऐसाही चलेगा." कॉर्निशवर समुद्राकाठी उलटे दिवस मोजणारं मोठं घड्याळ. त्याच्यासमोर लोक फोटो काढत होते. सगळं शहरच काहीतरी पुरं करायच्या घाईत, आणि मी सोफ्यावर, हातात चहा.

दोन दिवसांत मी मधुराच्या ओट्याखालचा गळका नळ आणि बाल्कनीचं करकरणारं दार दुरुस्त करून टाकलं. तिसऱ्या दिवशी वॉशिंग मशीनकडे नुसतं पाहिलं, तर ईरा ओरडली, "आजोबा, डोन्ट टच!" तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत देते. मधुरा समीरला म्हणाली, "बाबांना तुझ्या बर्फात घेऊन जा, नाहीतर सगळं घर खोलून ठेवतील."

समीर एका मॉलमधल्या बर्फाच्या पार्कात मेंटेनन्स इंजिनीअर होता. बाहेर पस्तीस, आत उणे चार. दाराशी कोट आणि बूट भाड्यानं मिळतात. मोजे मात्र घरून जाड न्या, तिथले विकत घ्यावे लागतात. मुलं घसरगुंड्यांवरून किंचाळत होती. मी बर्फाकडे बघितलं आणि म्हणालो, "खालचा थर दगड झालाय. नांगरत नाही का तुम्ही हा?"

समीरचा चेहरा उतरला. मग त्यानं मागच्या वर्कशॉपमध्ये नेऊन ती दाखवली. स्नोमोबाइल. पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा. पार्क उघडण्याआधी हीच बर्फावरून लोखंडी दाताळं ओढून बर्फ भुसभुशीत करते. पण इंजिनाची ताकद त्या पट्ट्याला पोचवणारा आतला बेल्ट दर आठवड्याला फाटत होता. नवा टाकला की पुन्हा तेच. पंधरवड्यानं वर्ल्डकपच्या तयारीतली परदेशी मंडळी पार्क पाहायला येणार होती आणि समीरचं कॉन्ट्रॅक्टही त्याच सुमारास संपत होतं.

"मॅनेजर म्हणतो, मशीन चाललं तर बोलू. नाहीतर खलास," तो हळूच म्हणाला. "मधुराला सांगू नका, बाबा."

मी झाकण काढायला हात पुढे केला, तर त्यानं तो अक्षरशः धरला. "तुम्ही व्हिजिट व्हिसावर आहात. इथे कॅमेरे आहेत. तुम्ही काम केलंत तर तुम्हीही अडकाल, मीही."

मग मी दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले. मंडळी, पोहता येणाऱ्याला कुणी काठावर बांधून ठेवावं, तसं झालं. त्यात आणखी एक अडचण. शेडमध्ये मी पोरांना "अरे गाढवा, उलटा फिरव" म्हणतो. इथे समोर जावई! म्हणून, "समीरराव, आपण तो पाना जरा उलट्या बाजूनं लावलात तर बरं होईल." एक नट सुटेपर्यंत माझं रक्त आटलं.

पण दोष सापडला. इंजिन चार जाड रबरांवर बसलेलं असतं, माउंटिंग म्हणतात त्यांना. ती तडकून, तेल पिऊन बसकण मारून गेली होती. इंजिन एका कुशीवर झुकलेलं. त्याची पुली मागच्या पुलीच्या रेषेत नाही, आणि मधला बेल्ट तिरका धावून कापला जातोय. बिनगिअरच्या स्कूटरमध्ये असतो तोच प्रकार, फक्त आडदांड. समीर आजवर नुसते बेल्ट बदलत होता. बाहेरून माउंटिंग मागवायला महिना लागणार होता.

दुसऱ्या दिवशी इंडस्ट्रियल एरिया. हे कुठल्याच सहलीच्या यादीत नसतं, मी मात्र दोन वेळा जाईन. रस्त्यांना नावं नाहीत, नुसते नंबर, आणि एकेका गल्लीत एकेक अवयव मिळतो, कुठे टायर, कुठे रेडिएटर. जनरेटरच्या सुट्या भागांच्या दुकानात पेशावरचा मालक बसला होता. त्यानं बरोबर मापाची रबरं काढली. मी नख रोवून पाहिलं.

"इससे नरम दिखाओ."

"चाचा, सब सख्त माँगते हैं."

"सबकी मशीन फ्रिज में नहीं चलती ना."

तो खो खो हसला आणि काउंटरवर करक चहा आला. वेलदोड्याचा, दाट, गोड. बाहेर दोन रियालला मिळतो, इथे फुकट. रबर चाळीस रियालला एक. मी दोन वेगवेगळ्या नरमाईची एकेक घेतली आणि रात्रभर मधुराच्या फ्रीझरमध्ये ठेवली. सकाळी ती किंचाळली, "बाबा! मटाराशेजारी हे काय?" नखानं दाबून पाहिलं. एक दगड झालं होतं, दुसरं अजून दबत होतं. दबणारं पास. त्याची आणखी तीन आणली. चारही एकदमच बदलायची असतात, एखादं जुनं ठेवलं की ते बाकीच्यांना बिघडवतं.

समीरनं बसवली. मी खिशात मुठी आवळून उभा. नट सैल ठेवून दोन्ही पुल्यांच्या तोंडाला माझी फुटपट्टी लावायला सांगितली. इंजिन इकडे, थोडं तिकडे, पुन्हा इकडे. शेवटी पट्टीखालून उजेडाची रेघही येईना. "शून्य!" मी म्हणालो. "आवळा आता." समीर पट्टीकडे जरा जास्त वेळ बघत राहिला. काहीतरी बोलणार होता. मग त्यानं आवळलं.

मी खूश होऊन त्या संध्याकाळी सगळ्यांना अल मन्सूराला जेवायला नेलं. ओल्ड एअरपोर्टहून मेट्रोची रेड लाइन, मशैरिबला बदलून ग्रीन. एका वेळचे दोन रियाल, डबा इतका स्वच्छ की चप्पल काढावीशी वाटते. थाळी बरी होती, पण भाजीत साखर.

तिसऱ्या दिवशी समीर घरी आला तो बेल्ट पिशवीत घेऊनच. एक कड झिजून दोरे लोंबत होते. मी तो उलटसुलट पाहिला. शून्य म्हणजे शून्य होतं. माझी पट्टी खोटं बोलत नाही.

"समीरराव, काय झालं असेल?"

तो बुटाची लेस सोडत म्हणाला, "बाबा, तुम्ही उभ्या मशीनमध्ये सरळ केलंत. पण दाताळं ओढताना बेल्ट ताणला जातो आणि नरम रबरावरचं इंजिन मागे खेचलं जातं. तेव्हा ते सरळ राहत नाही."

"हे तुम्हाला आत्ता सुचलं?"

"नाही. तेव्हाच."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्हाला कसं सांगणार, बाबा? तुम्ही... सासरे."

स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबली. मधुरा दारात आली. तिच्या चेहऱ्यावरून कळलं की कॉन्ट्रॅक्टचं तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. तिघंही एकमेकांचा मान राखत बसलो होतो आणि बेल्ट फाटत होता.

मी रात्रभर हॉलमध्ये येरझारा घातल्या. सकाळी निघताना पार्किंगमध्ये एका गाडीवर मॅट्रेस बांधलेली दिसली, खटक्याच्या नायलॉन पट्ट्यानं, दांडा हलवला की एकेक खटका आवळत जातो तो. तिथेच थांबलो. असाच पट्टा दोन पुल्यांभोवती घालून आवळायचा. दाताळं ओढताना जितकं खेचलं जातं तितकं इंजिन मशीन उभं असतानाच खेचून धरायचं, तसंच ताणलेलं असताना सरळ करायचं आणि मग पट्टा सोडायचा. सोडल्यावर ते तिरकं दिसेल. दिसू दे, ओढताना सरळ होईल.

ताण किती द्यायचा? समीरनं झिजलेल्या बेल्टवरून आणि दाताळाच्या वजनावरून हिशेब मांडला. त्यातलं निम्मं मला कळलं नाही, तसं मी सांगितलं. तो पट्टा आवळू लागला. खटके मोजत होता, पण पट्ट्याच्या टोकाचा लोखंडी आकडा पुलीच्या कडेवरून घसरायला आला होता.

"अरे थांब, गाढवा! बोट काढ!"

त्यानं बोट काढलं. आकडा सटकून पत्र्यावर आदळला. मग समीर इतका हसला की खाली बसला. "अहो बाबा, असंच बोला ना!" त्यानंतरचं काम दीड तासात झालं. तो मला "तुम्ही पट्टीच वाकडी धरायला सांगताय" म्हणाला, मी त्याला आणखी दोनदा गाढव म्हटलं. पट्टा सोडला. फुटपट्टीखालून चांगला जाड उजेड दिसत होता. आयुष्यात पहिल्यांदा मी वाकड्या कामाला पास म्हटलं.

पाहुणे आले त्या दिवसापर्यंत बेल्ट टिकला, आणि पुढेही. मॅनेजर फादी खूश झाला. लेबनॉनचा, बोलताना हात हलवणारा. निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यानं मला एकट्याला द पर्लला कॉफीला बोलावलं. समुद्रात भराव घालून केलेलं बेट, बोटी, चकचकीत दुकानं. फिरायला फुकट आहे, जरूर फिरा. कॉफी मात्र दुसऱ्यानं पाजली तरच घ्या. तिथे काय बोलणं झालं ते शेवटी सांगतो.

घरी पोचलो. सौ.नं माझे हात उलटे करून पाहिले. नखं स्वच्छ. "काही कामच केलं नाहीत वाटतं?" म्हणाली. नाही म्हटलं.

राहिलं काय? कॉर्निशवरचं ते घड्याळ अजून डोळ्यांपुढे येतं. करकची चव येते. समीर फोनवर मला "बाबा, तुमचं चुकतंय" म्हणतो, दर रविवारी काहीतरी काढून. त्याचं कॉन्ट्रॅक्ट तेव्हा वाढलं. वर्ल्डकपनंतर तो दुसऱ्या कंपनीत गेला, म्हणून हे आज लिहिता येतंय, आणि त्याला वाचून दाखवूनच लिहितोय.

फादीनं कॅमेऱ्यात मला पाहिलं होतं, खिशात हात घालून बोलताना. त्याला वाटलं, डोकं माझंच. समीरचं कॉन्ट्रॅक्ट संपू देतो, त्याच जागी तुम्ही या, म्हणाला. सर्टिफिकेट नसलं तरी चालेल. आयुष्यात हे वाक्य मला कुणी म्हणालं नव्हतं, ते मी त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. मग सांगितलं, मशीन तुमच्या इंजिनीअरनं दुरुस्त केलं, कॅमेऱ्यात हात कुणाचे दिसतात ते बघा. तरी तो काय देणार ते मोजत राहिला: राहायला खोली, वर्षाला एक विमानाचं तिकीट आणि महिना साडेसात हजार रियाल. नको म्हणालो.