चार ठोके गप्प

मी हॉर्न वाजवते. ट्रकचा नव्हे, पितळेची लांब नळी गोल गुंडाळून केलेला, तोंड मागं वळलेला. बजाजनगरातल्या आमच्या गल्लीत हे अजून कुणाला नीट पटलेलं नाही, आणि पटवून देणं मी सोडलं आहे.

तो मला आमच्याच शहरात, गुलमंडी बाजारातल्या एका वरातीच्या बँडच्या दुकानात सापडला. शाळेचा बिगुल दुरुस्त करायला गेले होते, तर हा भिंतीवर धूळ खात टांगलेला. दुकानाचे मालक चाचा म्हणाले, "बेटा, ह्याचं तोंड मागं. आवाज सरळ नवरदेवाच्या घोडीच्या कानात. एकदा घोडी उधळली, तवापासून खिळ्यावर हाय." मी म्हटलं, मला शिकवा. ते हसले. तीन रविवार जाऊन मी तेच म्हटलं, तेव्हा त्यांनी तो उतरवला.

पुढची सात वर्षं फुंक आणि ओठ चाचांनी घडवले, कागदावरचे सूर वाचायला मी मोबाइलवर शिकले. वरातीत ते मला घोडीच्याही मागं चालवायचे. त्यांचा नियम एकच: आवाज तुटता कामा नये. गाणं संपलं, क्लॅरिनेटवाला दम घ्यायला थांबला, तरी कुणीतरी सूर धरायचा. नाहीतर नाचणारे थबकतात आणि नवरदेवाचा मामा भांडायला येतो. सूर धरण्यात माझा हात कुणी धरू शकत नव्हतं.

मग मुंबईच्या एका मोठ्या वाद्यवृंदात चौथ्या हॉर्नच्या जागेसाठी मला बोलावलं. दोन तालमी, एक कार्यक्रम, मग ठेवायचं की नाही ते ठरणार. मला ती जागा हवी होती. इतकं मला कधीच काही हवं नव्हतं.

पहिल्या तालमीत साठ वादक एकदम थांबले. कागदावर तिथं चार ठोक्यांची शांतता लिहिलेली होती. मला ती पाठ होती. तरी आवाज तुटला आणि मी सूर धरला. एकटीनं, चांगला भरदार. समोर काठीनं ताल देणारे कंडक्टर म्हणाले, "इथं कुणीच वाजवत नाही." दुसऱ्यांदाही मी तेच केलं. त्यांनी काठी खाली ठेवली. "पुढच्या रविवारी सकाळी तालीम, संध्याकाळी कार्यक्रम. तोवर हे जमलं नाही, तर दुसरं कुणी बघावं लागेल."

मी मुंबईहून तडक गुलमंडी गाठली आणि सगळा राग चाचांवर काढला. तुमच्या नियमानं माझं वाटोळं केलं, मी म्हणाले. आता त्याची लाज वाटते. चाचांनी ऐकून घेतलं. "व्हय, मीच घातलं ते तुझ्या अंगात. मंग मीच काढतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी सगळे बँडवाले दुकानात बसवले. वरातीचं गाणं सुरू करायचं आणि त्यांनी मूठ आवळली की चार ठोके गप्प. जो वाजवेल त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. पहिल्या दिवशी सगळेच चुकले; चाचा स्वतः दोनदा. गाणं असं मध्येच तुटतंय म्हटल्यावर शेजारचे कापडवाले कुणी गेलं की काय ते बघायला बाहेर आले. मी रोज हेच करत राहिले. तोंड हॉर्नला, छातीत श्वास भरलेला, आणि वाजवायचं नाही. पाचव्या दिवशी चहा माझ्याकडून आला नाही.

रविवारची सकाळची तालीम निभावली. संध्याकाळी मंचावर मागच्या रांगेतून मला चाचा दिसले, खास मुंबईला आलेले. कार्यक्रमाला असंच जातात असं समजून ते बँडचा लाल कोट घालून तिसऱ्या रांगेत बसले होते. साठ वादक थांबले. मला भीती वाटली, खरंच वाटली. मग चाचांची गुडघ्यावरची मूठ आवळलेली दिसली. एक, दोन, तीन, चार. मूठ सुटली, कंडक्टरची काठी उतरली आणि मी सूर लावला.

कंडक्टर जाता जाता म्हणाले, "उद्यापासून या." बाहेर चाचांना सांगितलं. त्यांनी लाल कोटाची बटणं सोडली. मग म्हणाले, "एवढी माणसं थांबली, अन् एक मामा उठला नाय."

त्यांचा हात हातात घेतला, तेव्हा तळव्यावर नखांच्या चार लालसर खुणा दिसल्या.